दायानासाठी कोणता कॉम्प्युटर घ्यावा

हुआंकायो, ५ मार्च

विल्डेर,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्याकडून तुला कागद येतो तो असल्याच बातमीचा, म्हणून आधी हे लिहून टाकलं.

मेसेज तू उघडत नाहीस. फोन वाजून वाजून बंद पडतो. शेवटी सीमेपलीकडच्या कालामाचा पत्ता तुझ्या ग्लिसेरिया आत्याकडून घेतला आणि पाकीट आणायला पोस्टात गेले. तिथली बाई म्हणाली, "पत्र? म्हणजे पार्सल नाही?" मी म्हटलं, "बाई, ज्याला पाठवायचंय तो माणूस जुन्या वळणाचा आहे." खोटंच. तू किती हट्टी आहेस हे तिला सांगून काय करायचं होतं?

काम असं आहे. तुझ्या भाचीला एक कॉम्प्युटर घ्यायचाय. खेळायचा. दायानासाठी.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती चालता चालता धपकन बसायची. आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि बापासारखीच, रोमुलोसारखीच, विचारात पडली की खालचा ओठ ओढते. खेळतेही त्याच्यासारखी. नाही, खोटं कशाला लिहू, त्याच्यापेक्षा चांगली खेळते. रोमुलो धीराचा होता, पण संधी दिसली की विचार करत बसायचा. ही आधी मारते आणि मग विचार करते. तू तिला पाहिलंस तर खुर्चीवरून उठशील.

अबुंदिओकाकांची काबिना बंद होतेय. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली, त्यांचा जावई चालवत होता. आता कोण येतं तासावर कॉम्प्युटर भाड्याने घ्यायला? त्या जागी भाजलेल्या कोंबडीचं दुकान निघणार आहे. परवा मी आत जाऊन आले. भिंतीकडची आपली पाच जणांची रांग अजून तशीच आहे, फक्त यंत्रं बदललीत. तुझ्या खुर्चीवर एक पोरगं बसलं होतं, पाय वर घेऊन, अगदी तुझ्यासारखं. आठवतं, थंडीत बोटं वळायची नाहीत, म्हणून रोमुलो गरम काढ्याचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचा आणि आपण ओरडायचो, "अरे मेलास, मेलास, माऊस धर!" आणि तेवढ्यात दारात एल्वा उभी. तुला कान धरून घरी न्यायला आलेली. तू कान सोडवून घेत असायचास आणि रोमुलोचा खेळाडू पडद्यावर नुसता उभा, कारण रोमुलो तिच्याकडे बघत असायचा. त्या दिवसांत आपण जितके सामने हरलो, ते सगळे तुझ्या बहिणीमुळे हरलो.

लिमाला मुलींची एक टीम आहे. ऑगस्टमध्ये घरबसल्या निवड घेणार आहेत. अट एकच, स्वतःचं यंत्र आणि स्वतःची लाईन हवी. काबिनेतून चालणार नाही, आणि काबिना राहणारही नाही.

मी बाजारात विचारून आले. विकणारा पोरगा इतक्या वेगाने बोलत होता की वाटलं, मला शिव्याच देतोय. कोअर, थ्रेड, अमुक जीबी, तमुक हर्ट्झ. मी बेकरीवाली बाई. मला पिठाचा ओलावा हाताला कळतो, हे कळत नाही. आपल्यात यंत्रं उघडून बसायचास तो तू, आणि तिकडे खाणीतही तेच काम करतोस म्हणे.

तेव्हा लिही. काय घ्यायचं, काय नाही.

निल्डा


हुआंकायो, १२ एप्रिल

विल्डेर,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर. वर "निल्डा" नाही, खाली "विल्डेर" नाही, मध्ये नुसती नावं आणि आकडे. औषधाच्या दुकानातसुद्धा याहून प्रेमाने चिठ्ठी देतात.

आणि काय रे ते सगळं! सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड, पाण्याने थंड होणारा प्रोसेसर, काचेची पेटी, आत रंगीत दिवे. तू कोणासाठी लिहिलंस हे? दायानाने वाचलं आणि हसत सुटली. "मावशी, हे यंत्र आपल्या घरात लावलं तर अख्ख्या चिल्का वस्तीची वीज जाईल." तिला मी एवढंच सांगितलंय की माझ्या एका जुन्या मित्राने लिहून पाठवलं. तिने विचारलं, "कुठला मित्र?" मी म्हटलं, "अतिशहाणा."

आता ते घर कसं आहे ते मी सांगते, मग नीट विचार करून लिही. एल्वा अजून तिथेच राहते, तुमच्या वडिलांच्या घरात. पुढच्या खोलीत तिचं भरतकाम चालतं, नाचाच्या घागऱ्यांचं, म्हणजे जरीचे धागे, कापडाचा भुसा. शेजारी वेल्डिंगवाला आहे. त्याने यंत्र सुरू केलं की दिवे पिवळे होतात आणि एल्वाच्या शिलाई मशीनचा आवाज बदलतो. स्वयंपाकघरात गिनीपिग आहेत, पूर्वीसारखेच, आणि त्यांचा चारा. त्यांचे केस पार भाजीच्या भांड्यापर्यंत पोहोचतात, तर तुझ्या काचेच्या पेटीची काय कथा. आणि तू कालामात राहून विसरलास की काय, आपलं गाव त्याच्याहूनही उंच आहे. चढावर बस गरम होते तसं या विरळ हवेत यंत्रही तापतं. आठवतं ना, तिसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरचं झाकण काढून त्याच्यावर अबुंदिओकाकांचा टेबलफॅन लावला होता? बाहेर गारा पडतायत, आपण टोप्या घालून बसलोय आणि पंखा गरगर फिरतोय. काका म्हणायचे, "मशीनला उकडतं, गिऱ्हाइकांना थंडी वाजते, आणि मी बिल भरतो."

तेव्हा मला दिवे नकोत. मला असं काहीतरी हवं, जे त्या घरात जगेल.

पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात दोन प्रश्न लिहिलेस, त्यातला पहिला. "एल्वाला माहीत आहे का?" तू मला कॉम्प्युटरबद्दल विचार, बाकीचं विचारू नकोस. मीच तुला विचारते. तुझ्या बाबांच्या मातीला तू का आला नाहीस? रोमुलोची बस घाटात दरीत कोसळली, तेव्हाही का आला नाहीस? एल्वा त्या दिवशी कबरीजवळ दरवेळी गाडीचा आवाज आला की मान वळवायची. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने तेव्हापासून तुझं नाव घेतलेलं नाही, आणि आम्हीही तिच्यासमोर घेत नाही. मला कारण सांग. तिला नाही, तर मला सांग. आपण एका रांगेत बसलोय इतकी वर्षं.

दुसरा प्रश्न, मी लग्न केलं का. नाही केलं. पाव भाजायला पहाटे उठावं लागतं, कोण नवरा सहन करील?

निल्डा


हुआंकायो, २० मे

विल्डेर,

गोंधळ झालाय. सुरुवातीपासून सांगते.

तुझं लांब पत्र मंगळवारी मिळालं आणि मी ते भट्टीजवळ बसून वाचलं. कागदपत्रं नव्हती. सीमा ओलांडली असतीस तर परत जाता आलं नसतं, आणि बाबांच्या औषधाचे पैसे तर तिकडूनच येत होते. कागद झाले ते गेल्या वर्षी. आणि तोवर इतकं साचलं होतं की कोणत्या तोंडाने यायचं, तेच कळेना. हे सगळं तू एकट्याने पोटात ठेवलंस. मला वाचून राग आला, आणि मग पावाचा एक अख्खा घाणा करपला.

शेवटी लिहिलंयस, "एल्वाला सांगू नकोस." बरं. नसतं सांगितलं. पण त्याच पत्रात तू हेही लिहिलंस की ग्राफिक्स कार्ड तू स्वतः घेऊन बसवाल्याच्या हाती पाठवलंयस! अरे, मग बेकरीचा पत्ता तरी नीट लिहायचा. ड्रायव्हरने खोक्यावरचं तुझं "बाल्दिओन" हे आडनाव वाचलं आणि सरळ बाल्दिओनांच्या घरी नेऊन दिलं.

दायाना धावत आली मला बोलवायला. "मावशी, चल, आई काहीच बोलत नाहीये." एल्वा ओरडते तेव्हा काळजी नसते, हे तुलाही माहीत आहे.

गेले. खोकं टेबलावर, न उघडलेलं. एल्वा समोर बसलेली, अंगठ्यावर अजून सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण.

"हे अक्षर मी ओळखते," ती म्हणाली. "त्याच्या शाळेच्या दिवसांत मीच गिरवून घेतलंय. अजून आर उलटा काढतो."

मी म्हटलं, "एल्वा, मीच लिहिलं होतं त्याला."

"किती दिवस चाललंय?"

"मार्चपासून."

"आणि मी? मी या घरात कोण आहे, भाडेकरू?"

मग मी सांगून टाकलं. सगळं. सीमा, कागद, औषधं. तू नको म्हणालास तरी सांगितलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही. मला वाटलं ती रडेल. वाटलं म्हणेल, बिचारा माझा भाऊ. तिने टोपण काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "येता आलं नसेल. पटतं मला. पण एक ओळ? कागद नव्हते, पेनही नव्हतं का? बाबा शेवटच्या आठवड्यात दाराकडे तोंड करून झोपायचे. मी त्यांना काय सांगत होते, माहितीय? विली निघालाय म्हणून. रोज निघत होता तो. मी त्याला रोज एका गावातून पुढे आणायचे."

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. दायानाही पहिल्यांदाच ऐकत होती हे.

संध्याकाळी एल्वा स्वतः खोकं घेऊन बसस्टँडवर गेली आणि त्याच ड्रायव्हरला ते परत दिलं. वाटेत दायाना आणि मी तिच्यासोबत चाललो. तिची निवड त्या खोक्यात होती, विल्डेर, आणि तरी तिने आईच्या हातातून ते ओढलं नाही. उलट मी आणि ती दोन्ही बाजूंनी एल्वाचे हात धरून घरी आलो.

दारात आल्यावर एल्वा म्हणाली, "पोरीला यंत्र मिळेल. मी घेईन. त्याच्या वस्तूने माझ्या बापाचं आणि नवऱ्याचं मयत भरून निघत नाही."

मी जाताना तिने हाक मारली. "निल्डा. त्याला यातलं खरंच कळतं का, की तेव्हासारखा नुसता बाता मारतो?"

"कळतं," मी म्हटलं.

"मग सल्ला चालेल मला. वस्तू नको. आणि लिहायचं तर मला लिहायचं, तुला नाही."

म्हणून सांगते. आता मला लिहू नकोस. तिला लिही. घर कसं आहे ते तुला माहीत आहे, पोरगी कशी आहे ते मी सांगितलंय. आणि कॉम्प्युटरच्या खाली ती एक ओळ लिही. ती काय असावी, ते मी नाही सांगणार.

निल्डा


हुआंकायो, २७ जून

विल्डेर,

तू मला लिहिलं नाहीस, बरं केलंस. तरी मी लिहिते, कारण एल्वा तुला उत्तर लिहायला बसते आणि तीन शब्दांवर उठते.

तुझं पत्र तिने भरतकामाच्या चौकटीला टाचून ठेवलं होतं. वरचा भाग तिने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तसा. खालची ओळ आली तेव्हा ती थांबली, कागद दुमडला आणि म्हणाली, "एवढंच." ती ओळ काय होती ते मला आजही माहीत नाही. पण त्यानंतर ती बराच वेळ गिनीपिगना चारा घालत बसली. इतका चारा ते खात नाहीत.

वरचा भाग मात्र यावेळी माणसाने लिहिलेला होता. तिला सगळं पटलं. मधल्या दर्जाचं कार्ड, कारण तो खेळ डोंगर-दऱ्या दाखवायचा नाही, चपळाईचा आहे. रॅम सोळाची, पण एक अख्खी पट्टी नको, आठ-आठच्या दोन. पेटी काचेची नको, पुढून जाळीची, मोठ्या पंख्यांची, आणि जाळी काढून धुता येणारी, केसांसाठी. वाचलेले पैसे सगळे स्क्रीनवर आणि पॉवर सप्लायवर. आणि वेल्डिंगवाल्यासाठी स्टॅबिलायझर. "शेजारी बदलता येत नाही, स्टॅबिलायझर बसवता येतो," हे तुझं वाक्य एल्वाने वेल्डिंगवाल्यालाच जाऊन ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, मी निवडीच्या दिवशी दुकान बंदच ठेवतो ना."

शनिवारी आम्ही तिघी बाजारात. एल्वा टोपी घालून, कनवटीला तुझी यादी. तोच फटफट बोलणारा पोरगा. त्याने आधी दिवेवाली पेटी पुढे केली.

"ही नको," एल्वा म्हणाली. "जाळीची दाखव."

"मॅडम, ही जास्त खपते."

"खपू दे. आमच्या घरात गिनीपिग आहेत."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, म्हणजे आहेतच.

मग स्क्रीन. यादीत तू लिहिलं होतंस, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारी. त्याच्याकडे साधी होती, ती जरा मोठी आणि स्वस्त. तो म्हणाला, "फरक कळत नाही कोणाला." दायानाने दोन्हीवर तोच खेळ लावायला सांगितला आणि माऊस हातात घेतला. बघता बघता आजूबाजूच्या दुकानांतली पोरं जमली. तिची मान हलत नव्हती, फक्त मनगट. मला एकदम ती रांग आठवली, विल्डेर, तुझी पाठ, रोमुलोची पाठ, मधला चिप्सचा पुडा. आपण किती लहान होतो, आणि आपल्याला वाटायचं की जगात यापेक्षा मोठं काही घडत नाहीये. कदाचित नव्हतंही.

एल्वाने तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तुला ओढून न्यायला यायची तेव्हाही तिने पडद्याकडे कधी बघितलं नाही, नुसते कान शोधायची. ती आता दोन्ही स्क्रीनकडे आळीपाळीने बघत होती. मग साध्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे ती वळते तेव्हा माणूस अडखळतो. तिथे नाही अडखळत." आणि जरा थांबून, दायानाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "रोमुलोने हे बघायला हवं होतं."

वेगवालीच घेतली.

निल्डा


हुआंकायो, २६ ऑगस्ट

विल्डेर,

निकाल तुला दायानाने कळवलाच असेल, आता मामा-भाचीचं रोज काहीतरी चालू असतं. पाचात नाही घेतलं तिला. सहावी घेतली, राखीव. पहिल्या दिवशी तिने दार आपटलं, दुसऱ्या दिवशी जेवली, आणि तिसऱ्या दिवशी लिमाच्या पोरींसोबत सरावाला बसली. ती कॅप्टन मुलगी सांगत होती, नोव्हेंबरमध्ये एक जण शिक्षणासाठी सोडणार आहे. मी आतापासून मेणबत्ती लावतेय, म्हणजे त्या मुलीच्या शिक्षणासाठी.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. यंत्र आलं त्या दिवशी तू फोनवर होतास. तुला आवाज ऐकू येत होते. पण इकडे काय दिसत होतं, ते तुला कोणी सांगणार नाही. एल्वा तर नाहीच.

दुकानात त्यांनी सगळं जोडून, चालू करून दाखवलं. मग आम्ही ते रिक्षात घातलं. तुला चिल्काचा रस्ता माहीत आहे. दायानाने पेटी मांडीवर धरली होती, खड्डा आला की ती स्वतःच उचलली जायची. घरी आणलं, पुढच्या खोलीत घागरे बाजूला सारून टेबल मांडलं, वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

पुन्हा. काळी.

दायाना पांढरी पडली. दुकान बंद झालेलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि सोमवारी लिमाच्या लोकांना यंत्र दाखवायचं होतं. मी म्हटलं, "विल्डेरला लावते." एल्वा भिंतीला टेकून उभी होती. नाही म्हणाली नाही.

तू पहिल्याच घंटेला उचललास. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, पण दायाना टॉर्च धरून आणि मी पेटीचं झाकण धरून. तू म्हणालास, "रॅम हलली असणार. कोणीतरी आत हात घाला." आमचे चारही हात अडकलेले. एल्वाने घागऱ्याला हात पुसले आणि पुढे आली. तुला माहीत नव्हतं की ती आहे. तू निल्डा, निल्डा करत होतास.

"लांब पट्ट्या दोन, उभ्या. दिसतायत?"

"दिसतायत," ती म्हणाली.

आणि तू गप्प झालास. तुला वाटलं असेल, लाईन तुटली असं आम्ही समजलो. नाही. आम्हाला तुझा श्वास ऐकू येत होता. तिलाही येत होता. तिचा हात पट्टीवर तसाच थांबलेला.

"मग?" तिने विचारलं. "धरून बसू?"

"एक बाजू वर आलीय का, ताई?"

"आलीय."

"दाब. दोन्ही अंगठ्यांनी."

"मोडेल."

"नाही मोडत. मी आहे ना. दाब. अजून. टक् होईपर्यंत."

जड कापडात सुई घालताना ती दात आवळते, तशी तिने दाबली. टक् झालं. तुलाही ऐकू आलं, तू म्हणालास, "हं." दायानाने बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली, आणि पोरगी अशी किंचाळली की गिनीपिग कोपऱ्यात पळाले.

त्या गोंधळात एल्वाने फोन उचलला, मोठा आवाज बंद केला आणि कानाला लावला. पुढचं मला एका बाजूचंच ऐकू आलं.

"सर्दी झालीय का तुला?"

...

"धूळ सगळीकडेच असते, विली. इथेही आहे."

...

"बघू."

...

"बघू म्हटलं ना. डिसेंबरमध्ये इकडे पाऊस असतो, यायचा रस्ता खचतो. जूनमध्ये बरा असतो."

एवढंच. मग तू फोन ठेवलास, तुला खाणीत पाळीवर जायचं होतं म्हणे. विल्डेर, ती तिथून हलली नाही. फोन कानाला, दुसरा हात टेबलावर, तोंड खिडकीकडे. मी झाकण लावलं, वायरी आवरल्या. दायानाने खेळ उतरवून घेतला, नाव टाकलं, पहिला सामना लावला. तरी ती तशीच.

दायाना मान न वळवता म्हणाली, "आई, मामाने ठेवलाय केव्हाचा."

"माहितीय," एल्वा म्हणाली, आणि फोन तसाच कानाला धरून उभी राहिली.

निल्डा